भोपळा

आमच्या धंद्यात भोपळ्याला फार महत्त्व आहे. गेली वीस वर्षं मी कॉलेजात मराठी शिकवतो, आणि या वीस वर्षांत किती उत्तरपत्रिकांवर मी भोपळे काढले असतील, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. भोपळा काढताना हात कसा सैल, गोल फिरतो! साडेसहा द्यावेत की सात, यासाठी मनाशी जी घासाघीस करावी लागते ती भोपळ्याच्या बाबतीत करावी लागत नाही. मात्र तो मिळणाऱ्याला काय वाटत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो करण्याची वेळ यंदाच्या जून महिन्यात आली. त्या महिन्यात मला स्वतःलाच एक भोपळा मिळाला. आणि तोही अशा परीक्षकाकडून, की ज्यानं चार महिने तो मला दाखवलासुद्धा नाही.

हे परीक्षक म्हणजे आमचे चिरंजीव.

चिरंजीव कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. मुलगा अबोल. दिवसाकाठी तो जेवढे शब्द खर्च करतो, तेवढे आमच्या शेजारच्या काकू दार उघडता उघडता उधळतात. गेल्या वर्षी त्याच्या मित्रांनी बँड काढला. बँड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं लाल डगले घालून वरातीपुढं चालणारी मंडळी आली; पण हा बँड तसला नव्हे. यात गिटार वाजवणारे तिघं होते, गाणारे दोघं होते, ड्रम बडवायला एक धिप्पाड मुलगा होता. फक्त बेस गिटार वाजवायला कोणी तयार होईना. बेसवाल्याकडं कोणी बघत नाही म्हणे! तेव्हा आमचे चिरंजीव म्हणाले, “मी वाजवतो.” त्या दिवशीच्या त्याच्या बोलण्यातला निम्मा वाटा या दोन शब्दांत खर्ची पडला असावा.

मित्राच्या मावसभावाची एक जुनी बेस गिटार त्यानं स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घेतली. मी ती पाहिली तेव्हा मला तिची जरा कीवच आली. साध्या गिटारला सहा तारा, हिला चारच. पण एकेक तार सुतळीसारखी जाड. आणि आवाज? तार छेडली की नुसतं ‘डुंडुं’ असं काहीतरी पुटपुटल्यासारखं व्हायचं. “अ‍ॅम्प्लिफायर लागेल,” चिरंजीव म्हणाले. मुलगा क्वचित काही मागतो. त्यानं मागितलं म्हणताच माझ्यातला पिता उचंबळून आला. मी म्हटलं, “उद्याच आणू!”

दुसऱ्या दिवशी त्याला प्रॅक्टिकल होतं. मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण उत्साहाला धीर नसतो. मी एकटाच वाद्यांच्या दुकानात गेलो. विक्रेता तरुण आणि गोड बोलणारा होता. त्यानं एक छोटासा, काळाभोर, देखणा डबा पुढं ठेवला. वीस वॅटचा, आठ इंची स्पीकरचा. एक गिटार त्याला जोडून त्यानं तार छेडली, आणि ते टीचभर दुकान असं घुमलं, की मी पुढं काही विचारलंच नाही. साडेआठ हजार रुपये मोजले आणि डबा रिक्षात मांडीवर घेऊन घरी आलो. चिरंजीवांनी तो सुरू केला, दोनचार तारा छेडल्या, आणि माझ्याकडं बघून ते म्हणाले, “चांगला आहे, बाबा.”

ही गोष्ट फेब्रुवारीतली. त्यानंतर दर शनिवारी तो डबा तालमीला जाऊ लागला आणि येऊ लागला. मी समाधानात होतो.

जूनमध्ये एका शनिवारी पाऊस कोसळू लागला, आणि चिरंजीव छत्री विसरून गेले होते. ‘मुलगा भिजेल’ म्हणून सौ.नं मला पिटाळलं. तालीम चालते ती प्रभात रस्त्यावरच्या एका जुन्या बंगल्यामागच्या मोटारीच्या खोलीत. दार लोटून मी आत गेलो, आणि आवाजाचा एक लोंढाच अंगावर आला. ड्रम कडाडत होते, तीन गिटारी एकमेकींवर ओरडत होत्या, गाणाऱ्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. कोपऱ्यात आमचे चिरंजीव उभे होते. मान खाली, डोळे मिटलेले, बोटं तारांवरून सराईतपणे फिरत होती. मी कान देऊन ऐकू लागलो. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं, की तो वाजवतो आहे हे मला फक्त दिसतं आहे. ऐकू काहीच येत नाही. मी त्याच्याजवळ सरकलो. डब्यापुढं वाकलो. तेव्हा कुठं एक फाटका, खरखरणारा आवाज कानांवर आला. आवाज पूर्ण वाढवून वाढवून स्पीकरचा कागदी पडदा कडेला उसवला होता.

चार महिने, दर शनिवारी तीन तास, माझा मुलगा तिथं उभा राहून कोणालाच ऐकू न येणारं संगीत वाजवत होता.

परत येताना स्कूटरवर मी विचारलं, “अरे, मग मला सांगितलं का नाहीस?”

मागून थोडा वेळ काहीच उत्तर आलं नाही. मग रेनकोटातून आवाज आला, “तू इतक्या हौसेनं आणला होतास ना!”

थोडं पुढं गेल्यावर तो आणखी म्हणाला, “ते दुसऱ्या कोणालातरी बघताहेत. कीबोर्डवरही बेस वाजवता येतो.”

हाच तो भोपळा. त्या रात्री मला झोप आली नाही. मुलगा अबोल आहे, असं मी लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. तो बोलत नाही, की त्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, ही शंका मला त्या रात्री प्रथम आली.

सोमवारी मी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांना गाठलं. गृहस्थ मोठे रसिक. चहाच्या एका कपावर अख्खं व्याख्यान देणारे. ते म्हणाले, “तुम्ही दुकानात कानानं खरेदी केलीत, हेच चुकलं. कान हा फार लबाड साक्षीदार आहे.” मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारच्या जाड तारेपेक्षा बरोबर एक सप्तक खाली. म्हणजे आपल्या भाषेत हा खर्ज. आणि माणसाचा कान खर्जाच्या बाबतीत जन्मजात मंद! फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं, की बारीक सुराइतकाच मोठा वाटायला खालच्या सुराला कितीतरी अधिक जोर लागतो. लहान खोलीत लहान डबा भरदार वाटतो, कारण मूळ सूर क्षीण असला तरी त्याच्या वरचे उपसूर कानांवर पडतात आणि मूळ सूर कान स्वतःच्या पदरचा घालतो. पण ड्रम आणि गिटारी सुरू झाल्या, की ते उपसूर झाकले जातात, आणि मग खाली काही उरतच नाही.

“मग वीसच्या जागी चाळीस वॅटचा घेऊ?” मी म्हटलं.

ते हसले. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. जेमतेम जाणवण्याइतका वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा असेल तर वॅट दसपट हवेत. शिवाय सूर एक सप्तक खाली आणायचा, तर तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट हेलकावा घ्यावा लागतो. लहान पडद्यानं एवढा हेलकावा घ्यायचा प्रयत्न केला की तो फाटतो. म्हणून पडदाच मोठा घ्यायचा. आठ इंचीपेक्षा बारा इंची पडद्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पट असतं. “थोडक्यात,” ते म्हणाले, “बारीक आवाजाला जीभ पुरते, जाड आवाजाला पोट लागतं. तुमच्या मुलाच्या वाद्याला पोटच नाही!”

आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या लहानपणी घरात तंबोरा होता. त्याची चौथी, पितळेची, खर्जाची तार छेडली की ती नुसती वाजत नसे, अंगात शिरे. ती ताकद तारेची नव्हती, खालच्या भोपळ्याची होती. युरोपातही पूर्वी खर्जाचं काम माणसापेक्षा उंच अशा डबल बेसकडं असे; भलंमोठं लाकडी पोट आणि ते वाहून नेताना वादकाची तारांबळ. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाची, काखेत मारून नेण्याजोगी बेस गिटार बाजारात आणली. वादकाचं ओझं गेलं. पण ओझ्याबरोबर पोटही गेलं. म्हणून तर १९५२ मध्ये त्यांच्याच कारखान्याला तिच्यासाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर काढावा लागला. काढून घेतलेला भोपळा असा निराळ्या पेटीच्या रूपानं परत द्यावा लागतो. मी मुलाला विनाभोपळ्याचा तंबोरा वाजवायला लावला होता!

आता प्रश्न पैशांचा. बड्या कंपनीचा, बँडला पुरेल असा नवा अ‍ॅम्प्लिफायर तीस हजारांच्या पुढं होता. माझी तयारी बारा हजारांपर्यंतची. कोथरूडला एक जुना विकाऊ असल्याचं कळलं. जाऊन पाहिला तर तो न वाजवताच गुणगुणत होता. मालक म्हणाला, “ती त्याची सवय आहे.” आम्ही नमस्कार करून निघालो. जिना उतरताना चिरंजीव म्हणाले, “आपण बनवला तर?”

मी आयुष्यात भिंतीत खिळासुद्धा सरळ ठोकलेला नाही. पण जूनपासून मी ऐकायचं ठरवलं होतं. म्हटलं, “बनवू.”

बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. नाव तपकिरीचं, पण गल्ली विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची. तिथं एका दुकानात मी आयुष्यातला एक अपूर्व देखावा पाहिला. दुकानदार दोनशे वॅटचं एक तयार पॅनेल दाखवत होता, आणि आमचे अबोल चिरंजीव त्याच्याशी चक्क वाद घालत होते! “काका, दोनशे वॅट चार ओहमवर ना? मग आठ ओहमचा स्पीकर लावला तर निम्मेच मिळणार. मला चार ओहमचा स्पीकर दाखवा. आणि हा गाडीतल्या सबवूफरचा नको. बेस गिटारला वरचेही सूर लागतात. पॉवर सप्लाय किती व्होल्टचा आहे? गिटार थेट यात नाही चालणार, आधी प्री-अ‍ॅम्प हवा.” मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. दुकानदारानं मला विचारलं, “मुलगा इंजिनियरिंगला आहे का?” मी म्हटलं, “नाही हो, अर्थशास्त्राला!” चार महिने तो रात्री जागून काय वाचत होता, ते मला त्या गल्लीत कळलं. त्याला सगळं ठाऊक होतं. कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

पॅनेल, पॉवर सप्लाय आणि प्री-अ‍ॅम्प मिळून चार हजार. बारा इंची स्पीकर साडेचार हजार. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून अठरा मिलिमीटर जाडीचा प्लायवूड कापून आणला. स्क्रू, फेव्हिकॉल, मुठी, चाकं धरून त्याचे अडीच हजार. अकरा हजारांत सामान घरात आलं, आणि आमच्या दिवाणखान्याचं सुतारखान्यात रूपांतर झालं.

पेटी कशासाठी, हेही मला तेव्हाच समजलं. स्पीकरचा पडदा पुढं सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पेटी नसेल तर मागचा आवाज वळसा घालून पुढं येतो आणि पुढच्या आवाजाला गिळून टाकतो. खर्जाला तर सर्वांत आधी. म्हणून पाठ बंद करायची. पण ती अगदीच कोंडण्यापेक्षा पेटीला एक मोजून मापून भोक ठेवलं, की मागचाच आवाज पुढच्याच्या मदतीला येतो. हा हिशेब ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील या इंजिनियरनं १९६१ मध्ये नीट बसवून दिला, आणि तिथंच रिचर्ड स्मॉल यांनी तो पुढं नेला. आज चांगल्या स्पीकरबरोबर जो आकड्यांचा कागद येतो, तो या दोघांच्या नावानं ओळखला जातो. त्या कागदावरून चिरंजीवांनी गणित केलं : पेटी सत्तर लिटरची, आणि भोकात चार इंची पीव्हीसीची नळी, दहा सेंटिमीटर लांब. सांडपाण्याची नळी संगीताच्या कामी येताना मी प्रथमच पाहिली.

त्या वेळी माझी मावशी चार दिवस राहायला आली होती. वय पंचाहत्तर. ती सोफ्यावर बसून हा खटाटोप बघत होती. चिरंजीव तिला समजावत होते, “आजी, पेटी मोठी केली की सूर खाली जातो, नळी आखूड केली की वर चढतो.”

मावशी म्हणाली, “त्यात काय एवढं! अष्टमीला आम्ही घागरी फुंकतो त्यातलाच हा प्रकार. लहान घागर बारीक बोलते, मोठी घागर जाड. तळाशी पाणी ओतलं तर आवाज चढतो.”

चिरंजीव तिच्याकडं बघतच राहिले. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८६३ मध्ये ग्रंथ लिहून जे सांगितलं, ते आमच्या मावशीला महालक्ष्मीपुढं घागर फुंकता फुंकता उमगलं होतं. त्या दिवसापासून पेटीच्या कामात तिचं मत घेतलं जाऊ लागलं.

काम काही बिनचूक झालं नाही. विजेच्या जोडणीला सहकारी मुद्दाम घरी आले. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसते, म्हणून मला त्यांनी हातभर लांब बसवलं. पेटी मिटवून सुरू केली, तर खालच्या सुराला कुठूनतरी ‘फुस्स’ असा आवाज येऊ लागला. मी लावलेला एक सांधा हवा सोडत होता. तो शोधायला मावशीनं उदबत्ती पेटवून दिली. पेटीच्या कडेकडेनं उदबत्ती फिरवली आणि एका कोपऱ्यात धूर थरथरला. “बाबा, हा कोपरा तुझा,” चिरंजीव म्हणाले. फेब्रुवारीत हे वाक्य तो बोलला नसता. मला इतकं बरं वाटलं, की मी तो सांधा दोनदा भरला.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी पेटी तालमीला गेली. चाकं लावलेली ती बुटकी, गोलसर कोपऱ्यांची पेटी फरशीवरून गडगडत निघाली तेव्हा मला गोष्टीतल्या म्हातारीचा भोपळा आठवला. या वेळी मी छत्रीचं निमित्त न करता उघडपणे गेलो. ड्रमवाल्यानं चार ठोके दिले आणि गाणं सुरू झालं. पहिल्या क्षणी मला वाटलं, आवाज वेगळा असा काही येत नाही. मग लक्षात आलं, की तो कानांवर येत नव्हता. पायांखालच्या फरशीतून वर चढत होता, छातीत भरत होता. तेच गाणं, त्याच ओरडणाऱ्या गिटारी. पण आता त्या ओरडत नव्हत्या. जणू त्यांना बसायला पाट मिळाला होता. ड्रमवाल्यानं वाजवता वाजवताच मान वळवून चिरंजीवांकडं पाहिलं. गाणं संपल्यावर गाणारा म्हणाला, “अरे, तू हे आधीपासून वाजवत होतास?”

“हो,” चिरंजीव म्हणाले.

मग त्यांनी वाकून आवाजाचं बटण थोडं मागं फिरवलं. मी म्हटलं, “कमी का करतोस? आता तर ऐकू येतंय!” तो म्हणाला, “एवढा पुरे. जास्त केला तर दुसऱ्यांचं ऐकू येत नाही.”

कीबोर्डवाल्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

पेटी तालमीच्या खोलीतच राहते. घरात ती नको, असा आमच्या सोसायटीचा एकमुखी ठराव झाला आहे. कारण पहिल्याच चाचणीच्या वेळी खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या फडताळातले पेले नाचले होते. खर्ज कानाला कमी ऐकू येतो, पण भिंतींना फार चांगला कळतो! वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली आहे, हे आजोबांनी मला कागद दाखवून सांगितलं. गणपतीत हा कागद कुठं असतो, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण पेले त्यांचे होते.

आणि तो आठ इंची डबा? त्याचा स्पीकर सातशे रुपयांत बदलून घेतला. आता तो चिरंजीवांच्या खोलीत असतो आणि संध्याकाळच्या रियाजाला उत्तम चालतो. डब्यात दोष नव्हता. तो खोलीत वाजवण्यासाठीच केलेला होता. मीच त्याला रणांगणावर धाडलं होतं.

यंदा अष्टमीला मावशी पुन्हा आली. महालक्ष्मीची पूजा झाली, धूप घातलेली घागर तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि फुंकायला सुरुवात केली. पंचाहत्तर वर्षांचा श्वास तो. सूर लागे आणि तुटे. इतक्यात आतल्या खोलीतून, अगदी हलक्या हातानं, तोच सूर उमटला. चिरंजीवांना तो सर्वांत बारीक तारेवर सापडला होता. मावशीनं ऐकलं, घागर जरा वर धरली आणि पुन्हा फुंकली. या वेळी तिचा श्वास सरला तरी सूर तुटला नाही. खालून कोणीतरी तो धरून ठेवला होता.

मी दिवाणखान्यात उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. पुढ्यातल्या पेपरात एका मुलानं चौथ्या प्रश्नाला चार ओळी लिहून सोडून दिल्या होत्या. भोपळा काढायला हात सैल झाला होता. मी पेन खाली ठेवलं आणि त्या चार ओळी पुन्हा एकदा वाचायला घेतल्या.